औषधोपचार ही भिक्षा नव्हे, हक्क आहे
(केळापूर येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



धम्मदीक्षा घेताना पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना आपण टाकून दिली. आजार हे दैवाने दिलेले शासन नव्हे. त्याला कारण असते, आणि कारण असते म्हणून उपायही असतो. महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मळात पडून होता व कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला आपल्या हातांनी स्वच्छ केले आणि रुग्णसेवेची जबाबदारी संघावर टाकली. रोग्याला एकटे सोडणे हा साऱ्या समाजाचा दोष आहे, हा त्याचा अर्थ.

हाच विचार परमपूज्य बाबासाहेबांनी राज्यकारभारात आणला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखली गेली व तिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. परंतु तो कायदा कारखान्यातील कामगारापुरता होता. पऱ्हाटीच्या शेतात कापूस वेचणारी आपली आई त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

तिच्यापर्यंत पोहोचण्यास फार वर्षे लागली. २०१२ साली महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ साली ती सर्व राज्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झाले व शिधापत्रिकेच्या रंगाचा भेद न करता राज्यातील सर्व कुटुंबांना खुले झाले. येथे जात विचारली जात नाही, धर्मही विचारला जात नाही. म्हणून धर्मांतरामुळे हा हक्क जाईल, ही भीती मनातून काढून टाका.

परंतु कार्ड मिळाले म्हणजे आरोग्य मिळाले काय? शेजारच्या कर्नाटकाने याचे उत्तर दिले आहे. तेथे २०१० साली वाजपेयी आरोग्यश्री योजना आली. रुग्णालयांनी खेड्यांत शिबिरे भरवून रोगी शोधले. योजनेत समाविष्ट असलेल्या रोगांनी होणारे मृत्यू योजना लागू असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत सुमारे ६४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे त्याच राज्यात दुसऱ्या एका योजनेची चाचणी झाली. तीत दहा हजारांहून अधिक कुटुंबे होती. विम्यामुळे रुग्णालयात जाणारे वाढले, पण प्रकृतीत ठळक सुधारणा मोजता आली नाही. कार्ड कसे वापरावे हेच अनेकांना माहीत नव्हते. जेथे उपचार माणसाला शोधीत आला तेथे जीव वाचला. जेथे केवळ कागद आला तेथे लाभ तोकडा राहिला.

आपल्या तालुक्याची अडचणही ओळखा. गंभीर रोग्याला पांढरकवड्याहून यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. ते अंतर साठ-सत्तर किलोमीटर आहे. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते, ती कोणताही विमा भरून देत नाही. शिवाय ही योजना ठरावीक मोठ्या उपचारांची आहे. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात येत नाही. त्यासाठी सरकारी दवाखान्यातच गेले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार विनामूल्य आहेत. तेथे डॉक्टर नसेल, औषध नसेल, तर लेखी तक्रार करा. विमा आला म्हणून सरकारी दवाखाना ओस पडू देणे आपल्याला परवडणार नाही.

तेव्हा प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोणाच्या घरी शिधापत्रिका व आधार यांत नावे जुळत नाहीत, कोणाचे कार्ड निघाले नाही, कोण आजार लपवून बसले आहे, हे तीत लिहा. नावातील चूक आजच दुरुस्त करून घ्या. छातीत कळ आल्यावर कचेरीत जाण्यास वेळ नसतो. शिकलेल्या तरुणाने रोग्यासोबत जावे व योजनेतील रुग्णालयात प्रथम आरोग्यमित्राला भेटावे. मान्य उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर पावती मागावी व तक्रार नोंदवावी. हात जोडून उभे राहू नये.

ज्यांच्या नावाने ही योजना आहे, त्या जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना मरण पावल्या. त्यांनी रोग्याची जात पाहिली नाही. आपणही कोलाम बांधवाचे, शेजारच्या कोणत्याही गरिबाचे नाव आपल्या वहीत लिहावे. संघ म्हणतात तो हाच.

जय भीम.