परिचारिकेची नोकरी आणि आपली प्रार्थनाविनंती

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे परिचारिका व मंडळीतील भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी १२ मे रोजी आपण सिस्टरांना फूल देतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि चहा घेऊन घरी जातो. आज फूल देण्याआधी मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे. जिच्याविषयी बोलणार आहे, तिने मला परवानगी दिली आहे. तरीही तिचे नाव, तिची वस्ती मी सांगणार नाही. का सांगणार नाही, हे पुढे कळेलच.

आपल्या वसतिगृहात पाचवीपासून वाढलेली ही आदिवासी मुलगी. आईवडील ऊसतोडीला जाणारे. बारावीनंतर तिला जीएनएमला प्रवेश मिळाला. तीन वर्षांची फी, पुस्तके, गणवेश हे सगळे तुमच्यासारख्या देणगीदारांच्या पैशांतून झाले. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी लागली आणि धाकट्या भावाची फी ती स्वतः भरू लागली. आम्हाला किती अभिमान वाटला होता!

एके दिवशी तिच्याच भागातली एक गरोदर बाई तिच्या वॉर्डात दाखल झाली. तपासणीत जे निघाले ते पाहून आमच्या सिस्टरला रडू आवरेना. ड्युटी संपवून ती खोलीवर आली आणि महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर तिने प्रार्थनाविनंती टाकली. नाव लिहिले नाही. फक्त वस्ती, कितवा महिना आणि आजार लिहिला. चाळीस घरांच्या वस्तीत एवढे सांगितल्यावर नाव सांगायचे राहिले काय?

मी तो निरोप वाचला, खाली ‘आमेन’ लिहिले आणि आणखी दोन गटांवर पुढे पाठवला. मिनिटभराचे काम. हीच माझी कबुली.

तिसऱ्या दिवशी तो निरोप त्या बाईच्या दिराच्या मोबाइलवर पोहोचला. सासरच्यांनी उपचार अर्धवट टाकून तिला रुग्णालयातून नेले आणि माहेरी सोडून दिले. मग ती माणसे रुग्णालयात आली, ‘हे बाहेर सांगितले कोणी?’ म्हणून. मेट्रन मॅडमनी आमच्या मुलीला बोलावले. राजीनामा दे, नाहीतर कौन्सिलकडे तक्रार जाईल, असे सांगितले. तिने राजीनामा दिला आणि रात्री आठ वाजता माझ्या दारात उभी राहिली. ‘‘ताई, मी तर फक्त प्रार्थना मागितली होती.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. निरोप पसरवला मी, नोकरी गेली तिची.

रुग्णालयावर माझा राग नाही. त्या खाटेवर माझी बहीण असती तर मीही जाब विचारायला गेले असते. परिचारिकेची शिफ्ट आठ तासांची असते; रुग्णाचे गुपित मात्र ती कायमचे आपल्याबरोबर नेते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने जी शपथ तुम्ही दिवा हातात घेऊन घेतलीत, ती १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट येथे तयार झाली. रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्या खासगी गोष्टी राखण्याचे वचन तेव्हापासून तिच्यात आहे. शपथेच्या पुढे कायदाही आहे. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विश्वासाने कळलेली एखाद्याच्या एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला या कायद्याने मनाई आहे. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणे किंवा जाहीर करणे हा तर फौजदारी गुन्हाच आहे. प्रार्थनेसाठी केले म्हणून यातून सूट नाही.

भगिनींनो, ड्युटीबाहेरच्या आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगते, कारण मुली मला या विचारतात.

पहिली, रील. २०१९ मध्ये ओडिशातील मलकानगिरी या आदिवासी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात केलेला टिकटॉक व्हिडिओ पसरला आणि तिथल्या परिचारिकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. ते ड्युटीवरचे होते. पण आपल्या राज्याचा २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय ड्युटीबाहेरही लागू होतो. तो कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही आहे. वैयक्तिक खात्यावरच्या रीलमध्ये गणवेश, शासकीय इमारत, वाहन, पदनाम नको. घाटीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

दुसरी, सलाईन. सुटीला गावी गेलात की शेजारी म्हणतात, ‘तू सिस्टर ना, एक सलाईन लावून दे.’ प्रथमोपचार जरूर करा, रक्तदाब बघा, गाडी बोलावून दवाखान्यात पोहोचवा. पण डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय स्वतःच्या मनाने सलाईन-इंजेक्शन देणे म्हणजे विनापरवाना डॉक्टरी. रुग्णाला काही झाले तर शेजारी साक्षीला येणार नाहीत. मंडळीनेही असा आग्रह धरू नये.

तिसरी, पोलीस ठाणे. शासकीय सेवेतली व्यक्ती ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिली, की नियमाने निलंबित मानली जाते. भांडण घरचे असो की जमिनीचे. म्हणून वाद चिघळण्याआधी वकिलाकडे जा, आम्हाला सांगा.

आता मंडळीकडे वळते. परिचारिकेने रुग्णाची गोष्ट राखायची, हे जितके खरे तितकेच तिची स्वतःची गोष्ट आपण राखायची, हेही खरे. सिस्टर हळदीत नाचली, सिस्टर कोणाच्या तरी गाडीवर दिसली, सिस्टर अमक्याशी लग्न करणार आहे. यात रुग्णाचे काय बिघडले? तरी तिच्या वरिष्ठांना निनावी चिठ्ठ्या जातात. त्या लिहिणारे बाहेरचेच असतात, असे मी म्हणू शकत नाही.

खासगी आयुष्यावरून अन्याय होतो तेव्हा तो भरून यायला किती वर्षे लागतात, पाहा. लष्करी परिचर्या सेवेतील लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी १९८८ साली लग्न केले, म्हणून त्यांना सेवेतून काढण्यात आले. तसा नियमच होता, आणि तो फक्त स्त्रियांना होता. १९९५ मध्ये तो नियम रद्द झाला, पण त्यांची नोकरी गेली ती गेलीच. त्या लढत राहिल्या. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्नावरून स्त्रीला काढणे ही मनमानी आहे, आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मधे पस्तीस वर्षे गेली होती. आपल्या वस्तीतल्या मुलीला एवढे लढता येईल का?

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी आहे. प्रभू घरात शिरला तेव्हा तिथे गर्दी होती, रडारड होती. त्याने सगळ्यांना बाहेर काढले. आत राहिले तिचे आईबाप आणि तीन शिष्य. मुलगी उठली, तेव्हा हे कोणाला कळू देऊ नका अशी ताकीद त्याने दिली आणि तिला खायला द्या म्हणाला. हा भाग मी कितीदा शिकवला असेल. पण रुग्णाच्या खोलीतून गर्दी बाहेर काढणे हीदेखील सेवा आहे, हे मला तो निरोप पाठवेपर्यंत उमगले नव्हते.

मी त्या बाईच्या माहेरी जाऊन माफी मागितली. तिने पाणी दिले, बोलली नाही. तिचे उपचार सरकारी दवाखान्यात पुन्हा सुरू झाले आहेत. आमची मुलगी दहा महिने रुग्णालयाच्या नोकरीविना होती. नव्या ठिकाणी मुलाखतीत तिने सगळे स्वतःहून सांगितले, आणि तरीही त्यांनी तिला घेतले.

आमच्या महिला मंडळाने आता ठरवले आहे: रुग्णासाठी विनंती करायची तर ‘एका आजारी भगिनीसाठी’ एवढेच लिहायचे. गाव नाही, वय नाही, आजार नाही. आलेली विनंती पुढे पाठवायची नाही, गुडघे टेकायचे. देवाला पत्ता लागत नाही.

आपल्या वसतिगृहातल्या आणखी मुली आज नर्सिंग शिकत आहेत. त्यांच्या फीसाठी तुम्ही हात सैल सोडता, त्याबद्दल आभार. त्यांच्यासाठी आता जीभही आवरू या. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.