उंच रोप म्हणजे चांगले रोप?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



जळकोटच्या शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभे करायचे, म्हणून मी कायम रांगेत पहिला. आज माझे कामही रांगेचेच आहे. रोपवाटिकेतल्या रोपांची आम्ही कॅमेऱ्याने प्रतवारी करतो.

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला होता. एवढी रोपे डोळ्यांनी कोण निवडणार? आमच्याकडे पट्ट्यावरून रोप सरकते, कॅमेरा फोटो घेतो, संगणक उंची, बुंध्याची जाडी आणि पानांचा रंग मोजून पहिली प्रत, दुसरी प्रत किंवा बाद असे ठरवतो. माणूस दुपारनंतर थकतो, यंत्राचे माप दिवसभर एकच राहते.

अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात रिग्नी आणि क्रान्झलर यांनी १९८० च्या दशकातच पाइनच्या रोपांसाठी असे यंत्र केले. पण ती रोपे मातीतून काढलेली, मुळे उघडी असलेली. कॅमेऱ्याला मूळही दिसायचे. आपले रोप काळ्या पिशवीत, मूळ झाकलेले.

हा फरक मला नुकसान झाल्यावर कळला. आमच्या मुरमाड रानात मी यंत्राने पहिल्या प्रतीत टाकलेली कडुनिंबाची रोपे लावली. उंच, हिरवीगार. उन्हाळ्यात निम्मी वाळली. उपटून पाहिले, तर मुळांचे वेटोळे झालेले, ती खाली गेलीच नव्हती. बाद केलेली काही बुटकी, जाड बुंध्याची रोपे आईने बांधावर लावली होती. ती तगली. यंत्र चुकले नव्हते. उंचीला जास्त गुण मीच द्यायला लावले होते.

आता आम्ही बुंध्याच्या जाडीला जास्त महत्त्व देतो आणि प्रत्येक लॉटमधल्या काही पिशव्या फाडून मुळे हाताने तपासतो.

आज आपण शाळेच्या मैदानात झाडे लावणार आहोत. एक विनंती आहे. पिशवी पूर्ण काढा, तळाशी गुंडाळलेली मुळे कापा आणि मगच रोप खड्ड्यात ठेवा. पाणी घालायची पाळी कोणाची, तेही आजच ठरवू.

गणितात मी मागे पडलो, तेव्हा सरांनी शाळा सुटल्यावर थांबवून शिकवले. गुणपत्रिका पाहून मला बाद केले नाही. त्याची आठवण कामावर रोज होते.