बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार



संयोजकांनी दिलेला विषय आहे ‘देवाच्या सामर्थ्याने रोजचे ख्रिस्ती जीवन’. विषय प्रवचनाचा आहे आणि मी प्रवचनकार नाही. तेव्हा आज देवाचे गुणगान होणार नाही, पुरावे तपासले जातील. माझे एक जुने म्हणणे आहे आणि ते आजही मांडल्याशिवाय मी खाली बसणार नाही. मराठी ख्रिस्ती माणसांची चरित्रे आपण बाप्तिस्म्याच्या तारखांवर टांगून ठेवली आहेत. अमक्या साली अमक्याने धर्म स्वीकारला, गहजब झाला, घर सुटले. इथवर चरित्रकाराची लेखणी धावते आणि मग धापा टाकायला लागते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईला १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. तो रविवार होता. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण ११ तारखेला सोमवार उजाडला असेलच ना? श्रद्धेची परीक्षा त्या सोमवारी सुरू होते आणि ती मरेपर्यंत संपत नाही. देवाचे सामर्थ्य म्हणून काही असेल तर ते तिथे दिसायला हवे. टिळकांची हकीकत तुम्हाला ठाऊकच आहे, ती सांगण्यात वेळ घालवत नाही. नागपूर ते राजनांदगाव प्रवासात, १८९३ साली, डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, एवढीच आठवण करून देतो. ती गाडी गोंदियावरूनच जाते, म्हणजे आपल्या बालाघाटच्या उंबरठ्यावरून. आता तो संवाद गोंदियाच्या अलीकडे झाला की पलीकडे, हा वाद गोंदियावाल्यांनी आणि डोंगरगडवाल्यांनी आपसात मिटवावा. बालाघाटने त्यात पडू नये. (हशा)

आधी सामर्थ्याविषयी. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सर्व काही करू शकतो, अशा अर्थाचे पौलाचे एक वचन हल्ली मोटारींच्या काचांवर आणि परीक्षेला निघालेल्या मुलांच्या वह्यांवर दिसते. त्यातून असा समज झाला आहे की देव हा यश मिळवून देणारा आहे. पण ते वाक्य ज्या पत्रात आहे ते पत्र एकदा सलग वाचून पाहा. पौल कैदेत आहे. फिलिप्पीच्या मंडळीने त्याला मदत पाठवली आहे आणि तो पोच देतो आहे. देताना सांगतो की भरल्या पोटी राहायचे आणि उपाशी राहायचे, दोन्ही मला जमते. त्याचे ‘सर्व काही’ एवढेच आहे. त्यात बढती नाही, खटला जिंकणे नाही, कैदेतून सुटकासुद्धा नाही. परिस्थिती बदलवणारे सामर्थ्य त्याने मागितलेले दिसत नाही, परिस्थितीत माणूस म्हणून टिकवून धरणारे सामर्थ्य त्याला मिळाले होते. हाच विचार निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात गोष्टीच्या रूपाने येतो. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळतो, पण त्या दिवसापुरता. ज्याने लोभाने तो उद्यासाठी राखून ठेवला त्याच्या मान्नात किडे पडले. चिन्नोरचा तांदूळ वर्षभराचा कोठीत भरून ठेवणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट सांगणे धाडसाचे आहे, पण शास्त्राचे म्हणणे तेच आहे: सामर्थ्य साठवता येत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागितली आहे. कालच्या उपासनेवर आजचा दिवस निघत नाही.

आता साक्षीदार. पहिली साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची, कारण सोमवारचा इतका प्रामाणिक हिशेब मराठीत दुसऱ्या कुणी दिलेला नाही. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो, शैलीसाठी वाचतो, आणि पुस्तक मिटताना विसरतो की ते एका श्रद्धेच्या घडणीचे वर्णन आहे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ही बाई त्याच्याबरोबर गेली नाही. काही वर्षांची ताटातूट झाली. परत एकत्र आल्यावरही तिने आपले सोवळे सोडले नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आणि मग राहुरीच्या मुक्कामात विचार करता करता ती या निर्णयाला आली की देवाने माणसे घडवली, जाती माणसांनी पाडल्या; सबब आजपासून कोणाच्याही हातचे चालेल. हे घडले तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला १९०० साली. म्हणजे आचरण आधी आले आणि विधी मागून. बाप्तिस्म्याच्या तारखांनी इतिहास लिहिणाऱ्यांना ही बाई फार गैरसोयीची आहे. टिळक उदार होते, कवी होते, हातात येईल ते देऊन टाकणारे होते. घरात सदा कोणी ना कोणी पोरके मूल, कोणी विद्यार्थी. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही यायचे होते. थोर कल्पना होती. पगार सोडला टिळकांनी, महिनाअखेर मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. मला टिळकांना उणे लेखायचे नाही, पण त्यागाचे श्रेय आपण नेहमी सोडणाऱ्याला देतो. त्या त्यागात दोन वेळची चूल पेटती ठेवणाऱ्याला ते मिळत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षरे गिरवलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय रचले. एका झटक्यात, अंगात आल्यासारखे असे ६४ अध्याय होत नाहीत. ते रोज थोडे थोडेच होतात. १९३६ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ छापून आला त्यांच्या मागे, १९३८ साली.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची, आणि ती आपल्या प्रांताशी बांधलेली आहे. १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतावर किती कठोर होता हे इथे सांगायला नको; १९०१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची माणसे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि निराधार मुलींना घेऊन गेल्या, त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढले. तिथले १९०५ चे आत्मिक संजीवन जगभर गाजले. मुली रडल्या, तासन्‌तास प्रार्थना करत राहिल्या, वगैरे. मी ते खोटे म्हणत नाही. पण त्यानंतर त्या मुलींनी काय केले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्या विणकाम शिकल्या, शेती केली, तेलाचा घाणा चालवला, छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक धरून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला घेतले आणि त्याच मुलींनी ते छापले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते बायबल प्रसिद्ध झाले १९२४ मध्ये. संजीवनाचा अहवाल लिहिणाऱ्यांना छापखाना कंटाळवाणा वाटला असेल, मला मात्र पुरावा तिथे सापडतो.

इथे तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मनात आलेला आक्षेप मी स्वतःच बोलून दाखवतो. ही सगळी चिकाटी झाली, तिला देव कशाला हवा? सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या, त्या कुठे ख्रिस्ती होत्या? आक्षेप बरोबर आहे आणि त्यापासून पळून जाणारा ख्रिस्ती वक्ता मला आवडत नाही. सेवा हा ख्रिस्ती माणसांचा मक्ता नाही. तसे कोणी म्हणत असेल तर त्याने सावित्रीबाईंसमोर उभे राहून म्हणावे. माझा दावा यापेक्षा लहान आहे. श्रद्धावंत माणूस आपल्या बळाचा उगम स्वतःबाहेर मानतो, आणि त्या मानण्याचे आचरणात दिसणारे परिणाम होतात. बळ माझेच असेल तर ते संपले त्या दिवशी मी हरलो. बळ मागून मिळणारे असेल तर ते संपणे हा रोजचा नियमच आहे. त्यात लाज नाही, पुन्हा मागायचे. म्हणून अशा माणसाला आपले अपयश लपवावे लागत नाही. लक्ष्मीबाई आपला राग, आपले हट्ट, नवऱ्याशी झालेली भांडणे निःसंकोच लिहितात त्यामागे नुसता विनोदी स्वभाव आहे असे मला वाटत नाही. दुसरा परिणाम असा की काम स्वतःच्या मालकीचे वाटत नाही, ते दुसऱ्याच्या हाती देऊन जाता येते. हे सगळ्या ख्रिस्ती माणसांना साधते का? नाही. मंडळ्यांमधले जमिनीचे आणि पदांचे तंटे पाहिले तर फार थोड्यांना साधते, आणि त्या तंट्यांचे खापर सैतानावर फोडण्याची आपली सोयही मला मान्य नाही.

मालकी न वाटण्यावरून एका माणसाचे नाव घ्यायचे होते, एका वाक्यात घेणार होतो. श्यामराव हिवाळे. किती जणांनी ऐकले आहे? … चारपाच हात दिसतात. आणि व्हेरियर एल्विन? बघा, आता सगळे हात वर! हीच तर माझी तक्रार आहे. एल्विन ऑक्सफर्डचा, बिशपचा मुलगा, १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तिथे त्याला हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. १९३२ च्या जानेवारीत दोघे आपल्या या मैकल डोंगरात, अमरकंटकच्या पायथ्याच्या करंजियाजवळ येऊन राहिले. बैहरच्या पठारावरून पूर्वेकडे पाहिले तर तीच डोंगररांग. त्यांनी गोंड सेवा मंडळ काढले, दवाखाना, शाळा, पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवारा. धर्मांतर करायचे नाही हे ठरवूनच आले होते आणि नागपूरच्या बिशपांशी त्यांचे फाटले त्यात याचा मोठा भाग होता. एल्विनने १९३५ मध्ये चर्च सोडले. तो पुस्तके लिहीत गेला, ‘द बैगा’ १९३९ चे, आपल्याच जिल्ह्याच्या आणि शेजारच्या मंडलाच्या बैगांवर. जगभर नाव झाले, १९५४ मध्ये तो ईशान्येच्या सीमाप्रदेशाचा सल्लागार म्हणून शिलाँगला गेला, १९६१ मध्ये पद्मभूषण झाला. लोक त्याला ‘बडा भाई’ म्हणत आणि श्यामरावांना ‘छोटा भाई’. छोटा भाई त्याच भागातल्या पाटनगढला राहिले. होय, गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचे पाटनगढ. औषध द्यायचे, नवराबायकोची भांडणे सोडवायची, सरकारी कागद वाचून सांगायचा, कर्जाची चौकशी करायची, आणि यातून सवड काढून परधानांवर त्यांनी एक मोलाचा ग्रंथही लिहिला, १९४६ मध्ये. त्याच साली एल्विनवरही एक पुस्तक लिहिले. स्वतःवर लिहिले नाही! आता कोणी म्हणेल, यात ख्रिस्ती काय आहे? एल्विनने तर धर्मच सोडला, मग हा साक्षीदार तुमच्या विरुद्ध जात नाही का? थोडा जातो, हे कबूल. पण पुण्याच्या त्या संघात प्रार्थना आणि अंगमेहनत यांची जी शिस्त लागली तिच्याशिवाय हे दोघे करंजियाला आलेच नसते, आणि आले असते तर पहिल्या पावसाळ्यातच परतले असते. श्रद्धेचे शब्द एकाने टाकले तरी तिने लावलेले वळण अनेक वर्षे काम करत राहिले. यावरून मी तरी असाच निष्कर्ष काढतो की… अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटे म्हणतात. पाचातच आटोपतो.

एक मोठा आक्षेप राहिला आहे आणि तो याच राज्यात टाळणे भित्रेपणाचे होईल. सेवा हे धर्मांतराचे आमिष असते, हा तो आक्षेप. तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५६ मध्ये अहवाल आला, आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून वापर कायद्याने बंद करावा अशी त्यात शिफारस होती. १९६८ मध्ये धर्मांतराविषयीचा कायदा झाला. अहवालात अन्याय बराच आहे असे माझे मत आहे, गरिबाला स्वतःची बुद्धी नसते असे तो जागोजागी गृहीत धरतो. गंमत अशी की स्वतः नियोगींनी त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. (हशा) हसू नका, माणूस विचार करून धर्म बदलू शकतो हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवले. तरीही आक्षेपाचा गाभा मी मान्य करतो, आणि तोही कायद्याच्या धाकाने करत नाही, लूकच्या शुभवर्तमानाच्या आधाराने करतो. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले जरूर, पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही. जी मदत परतफेडीची वाट पाहते तिला देवाच्या सामर्थ्याची गरज नसते, तिला वसुली कारकून पुरतो. दवाखान्याच्या दारात माणसे मोजणारा मिशनरी आणि ती मोजणी पकडायला बसलेला अधिकारी हे दोघेही त्या दहाव्या माणसाचाच हिशेब करतात. मला त्या नऊ जणांविषयी बोलायचे होते, आणि नेमके तिथेच घड्याळ आडवे आले. नियोगी अहवालावर ज्यांना माझ्याशी भांडायचे आहे त्यांनी प्रश्नोत्तरात पहिला नंबर लावावा, मागच्या रांगेतले वकीलसाहेब मघापासून वहीत टिपणे काढताहेत ते मी पाहिले आहे.