लिफ्ट उचलेना, तर?

मंडळी, शहापूर-मुरबाडला चिखलणीची घाई, आणि जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेना! आम्ही म्हणतो, पंप लगेच खोलू नका. पुष्कळदा खोट तेलातच असते.

अवजार वर अडकले असेल, तर बाजूने लाकडी ठोकळे सरकवा. खाली शिरू नका. दाब सुटला, की ते एकदम माणसावर येते.

ट्रॅक्टर सपाटीला ठेवा. इंजिन बंद करून तेलाची पट्टी पाहा. तेल कमी, तर पंप हवा ओढतो. तेलाला फेस येतो, लिफ्ट अडखळते. तेल दुधासारखे दिसले, तर खाचराचे पाणी आत गेले समजा. ते सगळे काढा, जाळी डिझेलने धुवा, सांगितलेलेच तेल भरा.

तरीही रिकामी लिफ्ट उचलते, पण अवजार लावले की बसते? मग पंप झिजला, नाहीतर व्हॉल्व्ह गळतो. आता मिस्त्रीला बोलवा. काय काय पाहिले, तेही त्याला सांगा.