मुलांची गाणी आणि आपण

जत्रांचे आणि लग्नसराईचे दिवस आले, की साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत गावोगाव गाणी वाजू लागतात. आणि घरात पाहावे, तर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कानांत इअरफोन घालून कोपऱ्यात बसलेला. वडील विचारतात, ‘काय ऐकतोस रे?’ उत्तर येते, ‘काही नाही.’ बोलणे तिथेच खुंटते. ख्रिस्ती घरांत या ‘काही नाही’ची धास्ती अंमळ जास्तच. रविवारी चर्चमध्ये भजन म्हणणारा मुलगा सोमवारी भलतेच काही गुणगुणतो, तेव्हा तो हातचा गेला, असे आईबापांना वाटू लागते.

मग सोपा उपाय सुचतो, तो बंदीचा. या उपायाचा अनुभव खुद्द आकाशवाणीने घेतलेला आहे. 1952 साली डॉ. बी. व्ही. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना खरी आस्था होती, हेतूही चांगला होता. त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून लोकांनी ती ऐकणे सोडले काय? छे! त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, आणि श्रोत्यांना त्यांची गाणी परत मिळाली. एका देशाचे सरकार जिथे थकले, तिथे एका बापाने मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला, तर काय साधणार? मुलगा ऐकणार तेच, फक्त आपल्याला कळू देणार नाही.

तर मग येईल ते ऐकू द्यायचे काय? तसेही नव्हे. पवित्र शास्त्रात याची एक वेगळीच वाट दिसते. संत पौल अथेन्सला गेला, तेव्हा त्याने तिथल्या लोकांना त्यांच्याच कवींच्या ओळींचा दाखला देऊन उपदेश केला. म्हणजे त्या त्याने आधी ऐकल्या होत्या, ध्यानात ठेवल्या होत्या. थेस्सलनीकाच्या मंडळीला त्याने लिहिले, की सगळे पारखून घ्या आणि चांगले ते धरून राहा. पारखायचे तर आधी ऐकले पाहिजे, हे ओघानेच आले.

आपल्या मुलखातले उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळीत परक्या चालींवरची गीते पुष्कळ म्हटली जात. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, टाळमृदंगासह कीर्तन घेतले. लोकांच्या तोंडी आधीपासून जे गाणे होते, त्यातच त्यांनी आपली भक्ती ओतली. 1917 साली ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही जागा होती. चाल कुठून आली, यावरून त्यांनी गाणे टाकाऊ ठरवले नाही.

दुसरे असे, की सिनेमाचे संगीत चर्चला अगदीच परके नाही. गोव्यातल्या कितीतरी वादकांचे स्वरलेखनाचे पहिले धडे चर्चच्या शाळांतच झाले, आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्यांनी मोलाची कामगिरी केली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबास्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले.

तेव्हा पालकहो, एक दिवस मुलाला म्हणा, ‘बाळ, तुला आवडते ते एक गाणे मला ऐकव.’ आणि पुरते ऐका. मध्येच तोंड वाकडे करू नका. मग विचारा: तुला चाल आवडली की शब्द? यात कोण कोणाशी बोलतो आहे? ज्या मुलीविषयी हे गाणे आहे, ती आता इथे बसली असती, तर तिला बरे वाटले असते की मान खाली घालावी लागली असती? गाणे संपल्यावर मनात काय उरले? माणूस देवाच्या प्रतिरूपाने घडला आहे, असे आपण मानतो. मग माणसाला बाजारातली वस्तू करणारे गाणे कोणते आणि त्याचा मान राखणारे कोणते, हे मुलाला आपले आपणच दिसू लागेल. शिक्षकबंधूंनी वर्गात धर्मोपदेश करू नये. पण हे प्रश्न कोणत्याही धर्माच्या मुलाला विचारता येतात.

एक मात्र ध्यानात असू द्या. मुले उलट विचारतील, ‘तुमच्या भजनांचे काय?’ त्यांना तो हक्क आहे. मेंढरे राखणाऱ्या आमोस संदेष्ट्याने देवाच्या नावाने इस्राएल लोकांना बजावले होते, की तुमच्या गीतांचा गलबला नको, न्याय नदीसारखा वाहू द्या. ती गीते बाजारातली नव्हती, उपासनेतलीच होती. आपण तोंडाने भजन म्हणतो आणि शेजाऱ्याचा बांध कोरतो, मजुराची मजुरी थकवतो, तर मुलांच्या गाण्याची पारख आपण कोणत्या तोंडाने करावी? मुले आपले गाणे ऐकतात, तसे आपले वागणेही पाहतात. दोन्हींचा सूर जुळला, तर ‘काय ऐकतोस रे?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर येणार नाही. मुलगा एक इअरफोन काढून आपल्या हातात देईल आणि म्हणेल, ‘ऐका की!’