एका कंठातील बावन्न माणसे
(नागपूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाव कानी पडताच, आपला वऱ्हाड प्रांतच विलायतेस निघाला की काय, असे नागपूरकरास क्षणभर वाटते. वस्तुतः हे वऱ्हाड लग्नाचे, आणि तेही शेजारच्या मराठवाड्यातले. ते रंगभूमीवर आणणारे नट म्हणजे प्रा. लक्ष्मण देशपांडे.

१९४३ साली जन्मलेले देशपांडे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करीत. एकपात्री प्रयोगाचे लेखक तेच आणि नटही तेच. खेड्यातील मंडळी लग्नासाठी विमानाने लंडनला जातात, एवढेच कथानक. परंतु त्यातील ५२ माणसे ते एकटे उभी करीत. वेष बदलणे नाही, रंगभूषेचा थाट नाही. म्हातारा, पोर, बाई, इंग्रज, सारे काही आवाजाच्या चढउतारावर आणि मानेच्या एका झोक्यावर. गिनेस बुकानेही या पराक्रमाची नोंद घेतली.

परंतु आज आम्हांस त्या विक्रमाचे कौतुक सांगावयाचे नाही. पूर्वी आपल्या नाटकांत ग्रामीण बोली यावयाची ती बहुधा गड्याच्या नाही तर मोलकरणीच्या तोंडी, प्रेक्षकांस हसविण्यापुरती. देशपांड्यांनी तीच बोली तीन तास रंगमंचाच्या मधोमध बसविली. त्यांच्या प्रयोगात प्रेक्षक पोट धरून हसत. पण हसता हसता त्या म्हाताऱ्यात कोणास आपले आजोबा दिसत, त्या बाईत आपली मावशी दिसे. माणसास हसणे आणि माणसाबरोबर हसणे, यांतील अंतर त्यांनी असे प्रत्यक्ष दाखविले.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध कबूल केला पाहिजे. एकदा घरी पुण्याचे पाहुणे आले असता आमच्या मुलाने त्यांस सहज विचारले, “काका, काय करून राहिले?” आम्ही त्यास डोळ्यांनीच दटावले. पाहुणे गेले, मुलगा मात्र पुढे कित्येक दिवस परक्यांसमोर तोंड उघडीना. शुद्ध बोलणे शिकविण्याच्या भरात आम्ही त्याचे बोलणेच बंद केले होते! प्रमाणभाषा मुलांस यावयासच हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण तिच्यासाठी घरच्या भाषेची लाज कशाला वाटावी?

देशपांडे २००९ साली निवर्तले. पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग रंगभूमीवर आणला, आणि ते वऱ्हाड पुन्हा निघाले. आपल्या घरातील एखादे पोर आजीची, गुरुजींची वा भाजीवाल्याची हुबेहूब नक्कल करीत असेल, तर मंडळी, त्यास दटावू नका. जवळ बसवा आणि ऐका. त्याच्या कंठात किती माणसे वस्तीला आली आहेत, कोणी सांगावे?