हातगाडीचा हिशेब

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला ‘फिरता भाजीबाजार आणि वस्तीचे आरोग्य’ हा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बी. ए. झाल्यापासून बँकेत कारकुनी करते. तेव्हा कोणत्या भाजीत किती लोह असते हे मी सांगत बसणार नाही. एकच आकडा सांगते. मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे पाच मोठ्या माणसांच्या घराला रोज दोन किलो. किती घरांत एवढे येते, असे विचारून मी कोणाला अवघडवत नाही, कारण माझ्याही घरी येत नाही.

हा विषय हाती आल्यावर मी वाचनालयात आणि मुलीच्या संगणकावर शोधाशोध केली, तेव्हा तो मला थेट अमेरिकेत घेऊन गेला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम हा भाग आहे. कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून तो पुढे जगप्रसिद्ध झाला. नदी ओलांडली की ब्रॉन्क्स. एवढ्या श्रीमंत शहरातल्या या भागांत अगदी अलीकडेपर्यंत अनेक ठिकाणी अशी स्थिती होती की कोपऱ्यावरच्या दुकानात शीतपेय, वेफर्स, सिगारेट सर्व मिळे, पण ताजी पालेभाजी आणायची तर दूर जावे लागे. तिकडे अशा भागाला ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणतात.

हे वाळवंट झाले कसे? इथे आमच्या बँकवाल्यांचा हात आहे, म्हणून हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. १९३० नंतरच्या दशकात तेथील एका सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार करवले. कर्ज देण्यास सुरक्षित तो भाग हिरवा, धोक्याचा तो लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. अशा वस्त्यांना सरकारी हमी आणि बँकांचे कर्ज नाकारले जाऊ लागले. गोरे लोक उपनगरांत गेले, त्यांच्यामागून मोठी किराणा दुकाने गेली. १९६८ साली घरांच्या बाबतीत असा भेदभाव करण्यास कायद्याने बंदी झाली, पण गेलेली दुकाने कायद्याने परत येत नाहीत. कर्जाच्या अर्जावर पत्ता वाचून माणसाची पत ठरवणे हा प्रकार आपल्यालाही अनोळखी नाही.

दुकान येत नाही, तर गाडी पाठवू, असे २००८ साली न्यूयॉर्क महापालिकेने ठरवले. महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात कायदा झाला आणि ‘ग्रीन कार्ट’ म्हणजे हिरव्या गाड्यांचे १००० परवाने मंजूर झाले. आधीचा प्रस्ताव १५०० चा होता. दुकानदारांनी ओरड केली म्हणून ५०० कमी झाले. ब्रॉन्क्स व ब्रुकलिन यांना प्रत्येकी ३५०, मॅनहॅटनला १५०, क्वीन्सला १०० आणि स्टेटन आयलंडला ५० अशी वाटणी होती. जेथे लोक फळभाजी कमी खातात तेवढ्याच भागांत गाडी लावायची आणि न चिरलेली, न शिजवलेली फळे-भाज्याच विकायच्या, अशी अट. एका खासगी निधीने या कामाला १५ लाख डॉलर दिले. गाड्यांवर उभे राहिलेले विक्रेते बहुतेक बाहेरून आलेले गरीब लोक. त्यांत आपल्या शेजारच्या बांगलादेशातले पुष्कळ होते.

एवढे वाचून मला वाटले, झाले, आपले भाषण तयार झाले. पण पुढे वाचले तेव्हा लक्षात आले की खरी गोष्ट इथून सुरू होते. १००० परवाने असूनही १००० गाड्या कधी उभ्याच राहिल्या नाहीत. भर होता तेव्हाही निम्म्याच्या आसपास. शिवाय ज्या उभ्या राहिल्या त्यांतल्या अनेक गाड्या ठरवलेल्या भागातच, पण वर्दळीच्या रस्त्यांवर, रुग्णालयांच्या दारात, भुयारी रेल्वेच्या जिन्याजवळ गोळा झाल्या. आतल्या गल्ल्या, जिथे म्हातारी माणसे जिने उतरून दूर जाऊ शकत नाहीत, त्या तशाच कोरड्या राहिल्या.

विद्यार्थ्यांनी इथे ‘विक्रेते स्वार्थी’ असा शेरा मारून मोकळे होऊ नये. भाजी हा असा माल आहे की सकाळी शंभराची असते आणि रात्री दहाची. विक्रेता दिवसभर उघड्यावर उभा. थंडीत बर्फ. आतल्या गल्लीत दिवसाला वीस गिऱ्हाइके आणि स्थानकाजवळ दोनशे, तर तो कोठे उभा राहील? त्यात तिकडचे गरीब कुटुंब सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर खरेदी करते. पूर्वी त्याचे कागदी कूपन असे, आता बँकेसारखे कार्ड असते. हे कार्ड वाचायला यंत्र लागते, यंत्राला पैसे लागतात आणि सुरुवातीला बहुतेक गाड्यांवर ते नव्हतेच. म्हणजे गाडी दारात, भाजी गाडीवर, कार्ड हातात, तरी खरेदी नाही! पुढे मदत करून काही गाड्यांना यंत्रे देण्यात आली. काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीला हा तपशील सर्वांत जास्त टोचला.

शिकागो शहरात २०११ साली काही मंडळींनी शहर वाहतुकीची एक जुनी, मोडीत निघालेली बस एका डॉलरला विकत घेतली. बाके काढून आत फळ्या मारल्या, टोपल्या मांडल्या आणि ती पश्चिमेकडच्या गरीब वस्त्यांत फिरवली. लोकांना बस आवडली. तरीही २०१३ मध्ये पैशाअभावी ती थांबली. २०१५ साली महापालिकेच्या मदतीने दुसऱ्या संस्थेने अशा बसगाड्या पुन्हा सुरू केल्या. ती संस्थाही २०१७ साली बंद पडली आणि काम तिसऱ्या संस्थेने उचलले. बस एका डॉलरला मिळते हो, पण डिझेल, चालक आणि सडलेला माल यांचा खर्च रोजचा असतो.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातली ‘व्हेजी व्हॅन’ मला जास्त शहाणी वाटली. ती वाटेल तिथे फिरत नसे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी येई, आणि कुटुंबे आधी पैसे भरून भाजीची पेटी सांगून ठेवू शकत. सोबत ती भाजी करायची कशी हेही दाखवत. पाहणी झाली तेव्हा लोकांचे फळभाजी खाणे वाढलेले दिसले. फार नव्हे, पण वाढलेले. मला त्यातले ‘आधी पैसे’ हे दोन शब्द महत्त्वाचे वाटतात. का, ते आता सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत एक भाजीवाल्या मावशी यायच्या. दोनेक वर्षांपूर्वी त्या यायच्या बंद झाल्या. एकदा स्टेशनबाहेर दिसल्या तेव्हा मी जरा रागानेच विचारले, “मावशी, आमची वस्ती विसरलात का?” त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडं दुपारी घरात कोणी नसतं. संध्याकाळी बायका कामावरून येतात तेव्हा माझी मेथी मान टाकते. मग अर्धी जुडी मागतात, ती पण उधार. आणि माझा सावकार काय उधार थांबतो?” त्यांचा सावकार सकाळी ९०० रुपये हातावर ठेवी आणि संध्याकाळी १००० घेई. रोज १०० रुपये, महिन्याला ३०००, आणि भांडवल तेच ९००. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा व्याजदर मी खातेवहीत लिहिलेला नाही.

बँकेत का गेला नाहीत, असे मी विचारले. गेल्या होत्या. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून एका शाखेने तीनदा परत पाठवले. ती माझी शाखा नव्हती, पण मीही दुपारच्या गर्दीत अशा बाईला ‘उद्या या’ म्हटलेले आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. २०२० पासून ‘पीएम स्वनिधी’ योजनेत विनातारण कर्ज मिळते; पहिला हप्ता तेव्हा १० हजारांचा होता, २०२५ साली तो १५ हजार झाला. त्यासाठी महापालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागते. मावशींचे कागद मी आता स्वतः भरून दिले आहेत. फोटो राहिला होता, तोही काढून घेतला.

पण कर्ज मिळाले म्हणून त्या आपल्या वस्तीत येतीलच असे नाही. हार्लेम-ब्रॉन्क्समधल्या विक्रेत्याप्रमाणे त्यांनाही स्टेशन परवडते. म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे. तीन महिन्यांसाठी, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सात ते साडेआठ, सभागृहाच्या आवारात त्यांची गाडी लागावी. तीस घरांनी प्रत्येक खेपेचे ५० रुपये आदल्या दिवशी जमा करावेत. तिसा पन्नास पंधराशे. एवढ्या रकमेवर त्यांना त्या दिवशी सावकाराकडे जावे लागणार नाही, आणि किती माल आणायचा हे आधीच कळल्याने तो सडणारही नाही. भाव गाडीवर पाटी लावून लिहिलेला असेल. पैसे मी जमा करीन आणि हिशेब दर महिन्याला सूचना फलकावर लावीन.

मावशींची एकच अट आहे, उधार मागायची नाही. माझीही एक आहे. पोरे दुधी खात नाहीत ही तक्रार माझ्याकडे आणायची नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

वही बाहेर चपलांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. आत येण्यापूर्वी तिच्यात अकरा नावे झाली होती, माझे धरून. जाताना पाहावी. जयभीम.